सुबारूचा एकच टायर गेला तर? टायर शेव्हिंग सेवा

अमेरिकेत टायर रॅकसारखे विक्रेते नवा टायर तासून जुन्यांइतका झिजलेला करून देतात. सुबारूवाल्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिमीपेक्षा, जास्त फरक चालत नाही. जुन्यांच्या खाचांची खोली ६ मिमी आणि नव्याची ८, की घेरात जवळपास १२ मिमीचा फरक! मग इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला क्लच सरळ रस्त्यावरही घसरत, तापत राहतो आणि पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते. टायर त्याच ब्रँडचा, त्याच मॉडेलचा हवा. मागवण्याआधी हवा सारखी करून घेर टेपने मोजा. खोली कडेच्या खाचांतही बघा, नुसती मधली नको. बाकीचे तीन ४ मिमीखाली असतील तर मात्र तासणं म्हणजे पैशांचा भुसा; सरळ चार नवे घ्या.