डीडीरेस्क्यू आणि ई-टू-एफएससीके : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत अपडेट चालू असताना लाइट गेली आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) पुन्हा उठलंच नाही. काळ्या स्क्रीनवर एकच तक्रार : सुपरब्लॉकमधला, म्हणजे डिस्कच्या मांडणीची मुख्य माहिती असते त्या भागातला, मॅजिक नंबर (ओळखखूण) चुकीचा. त्या डिस्कवर आत्याने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आत्या आता नाही, आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून ही दोन टूल्स मी चार डिस्कवर वापरली : डीडीरेस्क्यू बिघडलेल्या डिस्कची प्रत काढतं, ई-टू-एफएससीके फाइल्सची मांडणी दुरुस्त करतं. दोन्ही मोफत आहेत.

आधी डीडीरेस्क्यू. बिघडलेल्या डिस्कवर थेट दुरुस्ती चालवू नका, अगदी हात जोडून सांगते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) मशीन सुरू करून आधी त्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या त्या भागाची, इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या. डीडीरेस्क्यू सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, खराब सेक्टरशी (डिस्कच्या छोट्या तुकड्यांशी) झटापट नंतर करतं. कुठवर आलो हे मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. दुसऱ्या रात्री परत लाइट गेली, तेव्हा काम थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं.

मग त्या इमेजवर ई-टू-एफएससीके. ईएक्सटी-फोर ही लिनक्सची फाइल्स मांडायची पद्धत सुपरब्लॉकच्या जादा प्रती ठेवते; ब्लॉक ४ केबीचा असेल तर पहिली प्रत सहसा ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, पुढची ९८३०४ वर. माझं काम पहिल्याच प्रतीवर झालं. या जागा विचारायची कमांड मात्र फॉरमॅट करणाऱ्या टूलचीच आहे. तिच्यातला 'एन' हा पर्याय (फक्त दाखव, करू नको) विसरला तर ती खरोखरच फॉरमॅट करते. एवढी धोकादायक सोय का ठेवली असेल, मला पटत नाही.

तपासणीच्या चौथ्या फेरीत ई-टू-एफएससीके एकेका बेवारस फाइलसाठी विचारत राहिलं : लॉस्ट-अँड-फाउंड या फोल्डरमध्ये टाकू का? नावं फोल्डरच्या नोंदीत असतात, आणि ती नोंदच गेली होती. त्यामुळे २१२ फाइल्स आल्या त्या नुसत्या आयनोड क्रमांकाच्या (फाइलच्या अंतर्गत नोंदीच्या क्रमांकाच्या) नावाने. हेडफोन लावून एकेक ऐकली. एकीत आधी नुसती जात्याची घरघर, मग बांगड्या, मग 'पहिली माझी ओवी'. त्या फाइलला नाव देताना हात थरथरत होता.

एसएसडीवरून पुसलेल्या फाइल्स मात्र यातून आल्या नाहीत; मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ट्रिम (पुसलेली जागा आता नको, असं एसएसडीला कळवणारी सोय) चालू होतं, तिथे काहीच हाती लागलं नाही.

तीन ओव्यांमध्ये आवाज मध्येच जातो. जे सेक्टर वाचता आले नाहीत, तिथे इमेजमध्ये शून्यं आहेत. मूळ डिस्क आणि मॅपफाइल जपून ठेवली आहे. दिवाळीनंतर त्या सेक्टरवर पुन्हा एकदा प्रयत्न करणार आहे.