पायाच्या शिरांची डॉप्लर: बाबांच्या निमित्ताने पाहिलेली दोन केंद्रं

घरात वयस्कर माणूस आहे आणि त्याचा एकच पाय सुजलाय, तर डॉप्लर, म्हणजे शिरांत रक्ताची गुठळी आहे का ते पाहणारी सोनोग्राफी, पूर्ण पायाची करणारं केंद्र शोधा. मशीन किती नवं आहे ते नंतर विचारा.

बाबा ७८ वर्षांचे. छातीच्या संसर्गाने अंथरुणाला खिळले होते, त्यात डावी पोटरी उजवीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त फुगली. आमच्या फिजिशियननी डी-डायमरवर, म्हणजे गुठळीचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीवर, वेळ घालवला नाही. उतारवयात तो गुठळी नसतानाही वाढलेला येतो. म्हणून तर पन्नाशीनंतर ५०० ऐवजी वयाला १० ने गुणून मर्यादा धरतात, म्हणजे बाबांसाठी ७८०. पण शंका एवढी दाट असेल तर सरळ डॉप्लरच करायची, असं ते म्हणाले.

पहिल्या केंद्रात जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब लावला आणि ‘गुठळी नाही’ असा रिपोर्ट हातात दिला. पोटरी पाहिलीच नाही. अशी मर्यादित तपासणी चुकीची नसते, पण मग आठवड्याभरात ती पुन्हा करायची असते, कारण पोटरीतली गुठळी वर सरकू शकते. हे त्यांनी सांगितलं नाही, लिहिलंही नाही. याचा मला अजून राग आहे. फिजिशियननी रिपोर्ट वाचून पुन्हा पाठवलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या केंद्राला मात्र पैकीच्या पैकी गुण. सोनोलॉजिस्ट मॅडमनी जांघेपासून घोट्यापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर शीर दाबून पाहिली. पोटरीसाठी बाबांना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं. तसं बसलं की खालच्या शिरा रक्ताने भरतात आणि नीट दिसतात. बाबांचा गुडघा आखडलेला, तरी घाई नाही. “आजोबा, दुखलं की लगेच सांगा हं,” असं मधूनमधून चालूच. स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलं: निरोगी शीर दाबली की चपटी होऊन नाहीशी होते, शेजारची धमनी धडधडत राहते. गुडघ्यामागची शीर दाबूनही मिटेना. तिथेच गुठळी होती, खाली पोटरीपर्यंत गेलेली.

ना इंजेक्शन, ना क्ष-किरण, ना उपाशीपोटी जायची अट. रिपोर्टमध्ये प्रत्येक शिरेचं नाव, ती दबते की नाही, गुठळी कुठून कुठपर्यंत, सगळं होतं. फिजिशियननी त्याच संध्याकाळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तचाचणी) पाहून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. म्हाताऱ्या मूत्रपिंडांचा अंदाज घेतल्याशिवाय ती देऊ नये.

एकच उणीव: बाहेर बसणाऱ्यांना पाय वर टेकायला एक स्टूलसुद्धा नाही, आणि येणारे बहुतेक सुजल्या पायांचेच.

उपचार संपताना बाबांना परत इथेच नेणार आहे. गुठळीची खूण शिरेत कधीकधी कायम राहते. पुढे पाय पुन्हा सुजला तर नवी गुठळी आहे की जुनीच खूण, हे ठरवायला तेव्हाची चित्रं लागतील.