खांद्यावरचं ग्रास कटर, तीन एकर माळ आणि तीन पावसाळे

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बागवाल्यांसाठी नाही. द्राक्षाच्या ओळीत नाहीतर बांधावर हे मशीन कसं चालतं याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत आणि सगळ्यात ते लोण्यासारखं कापतं. मी घेतलं ते चराईच्या रानासाठी. चांदवड तालुक्यात आमचा तीन एकर मुरमाड माळ आहे, त्यावर चार गाई, दोन कालवडी आणि बारा-तेरा शेळ्या. पूर्वी तिथं पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत गुडघ्याला लागायचं, मग लागोपाठ दोन सालं पाऊस गेला, जनावरं त्या माळावरून हललीच नाहीत, गवताने मान टाकली आणि त्याच्या जागी जनावर ज्याला तोंड लावत नाही ते सगळं उगवून आलं. गाजर गवत (त्यालाच आमच्याकडे काँग्रेस म्हणतात), टाकळा, रानतुळस, ओहोळाच्या कडेने घाणेरी आणि वरच्या अंगाला तरवड.

मशीन फोर स्ट्रोक, ३५ सीसीच्या आसपासचं, बाजूला लटकवायचं. ब्रँड लिहीत नाही कारण सर्व्हिसवाल्याबरोबर माझं अजून वाजतंय, आणि तसंही या गटातली मशीनं कामाला उन्नीस-बीसच आहेत. पट्टा, तीन दाती पातं, ऐंशी दाती पातं आणि नायलॉन दोरीचं हेड धरून मला साडेसतरा हजाराला पडलं. टू स्ट्रोक स्वस्त मिळत होतं, वजनाला पण हलकं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा हिशोब आमच्या घरात जमणार नाही हे मला माहीत होतं. चुलतभावाने एकदा नुसतं पेट्रोल ओतून त्याच्या मशीनचा पिस्टन धरला होता, त्यामुळे तो धडा फुकटात मिळाला. फोर स्ट्रोकला ऑइल वेगळं, शंभर एमएलच्या आसपास लागतं, पण ते बघत राहावं लागतं. एवढ्याशा ऑइलवर इंजिन चालतंय म्हटल्यावर थोडं जरी उतरलं तरी महागात जातं.

पहिल्या वर्षी मी काय केलं तर गणपती उठल्यावर, सवड मिळाल्यावर, मशीन काढलं आणि दणादण सगळा माळ सपाट केला. लई भारी वाटलं, फोटो पण टाकले. पण गाजर गवत तेव्हा पांढरं फुलून बियाला आलेलं होतं. एका झाडाला हजारोंनी बी, आणि ते इतकं बारीक की मशीनच्या गार्डला, बुटाला, पॅन्टला चिकटून मीच ते तीन एकरात पेरून आलो. पुढच्या पावसाळ्यात आधी जिथं नव्हतं तिथं पण उगवलं. आई म्हणाली, काँग्रेसचा प्रचार तूच केलास. (हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं आमच्याकडे सगळे सांगतात. पण पुण्यात त्याची नोंद झाली १९५५ साली आणि तो गहू ज्या पीएल ४८० योजनेतून आला तिचा आपला पहिला करार १९५६ चा, त्यामुळे ती गोष्ट मला तरी पटत नाही. असो, आलंय ते जायला तयार नाही हे खरं.)

मग समजलं की मशीनला तण कापता येतं, मारता येत नाही, आणि कापल्यावर मरतं का नाही हे त्या त्या तणावर आहे. टाकळ्याला हे मशीन म्हणजे काळ. टाकळा वर्षायू, कोवळा असताना आपण भाजी करून खातो पण गाई हुंगत पण नाहीत. तो फुलावर आला की शेंगा धरायच्या आत, म्हणजे आमच्याकडे ऑगस्टच्या शेवटाला, तीन दाती पात्याने जमिनीलगत उडवायचा. त्याच्यात परत फुटायची ताकद फारशी राहत नाही आणि फुटला तरी बी धरायला दिवस पुरत नाहीत. लवकर, जुलैतच कापलात तर मात्र बगलेतून फुटून आडवा पसरतो, तेही करून बघितलंय. वेळ साधली तेव्हा माझ्या खालच्या तुकड्यात अर्ध्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण जुनं बी टणक असतं, जमिनीत वाट बघत पडून राहतं. रानतुळशीचं पण असंच, फक्त तिचा वास दोन दिवस कपड्याला राहतो.

गाजर गवताला मशीन निम्मंच काम करतं. कापलं की बुडातून परत फुटतं आणि दुसऱ्या वेळी वीतभर उंचीवरच फुलतं, तिथवर पातं नीट पोचत पण नाही. त्याला खरा उपाय म्हणजे पाऊस पडून जमीन ओली असताना, फुल यायच्या आत, मुळासकट उपटणं. हातात मोजे पाहिजेतच, आमच्या एका मजूर बाईंच्या हाताला त्याने असं खाजरं उठलं की महिनाभर औषध चालू होतं. जिथं दाट आहे आणि उपटणं शक्य नाही तिथं मशीन, पण फुलाआधी, आणि तीन आठवड्यांनी परत. अजून एक सांगतो, पावसाळ्यात पानावर पांढुरक्या पाठीचे, काळसर वेड्यावाकड्या रेघांचे बारके भुंगे दिसले तर तिथं मशीन लावू नका. ते मेक्सिकन भुंगे, यासाठीच ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आणलेत, फक्त गाजर गवताची चाळण करतात. मी ओहोळाजवळचा एक कोपरा त्यांच्यासाठीच सोडलाय. कोरडं पडलं की ते जमिनीत जाऊन बसतात, त्यामुळे उन्हाळी उगवलेल्याला त्यांचा उपयोग नाही.

घाणेरीबद्दल मात्र दुकानदाराने मला सरळ फसवलं. "ऐंशी दाती पातं लावा, झुडपं साफ." झुडपं साफ झाली, अंगठ्याएवढी खोडं खचाखच कापली गेली, आणि महिन्याभरात एका बुडातून दहा-दहा धुमारे. म्हणजे मी तिची छाटणीच केली, डाळिंबाची करतो तशी. घाणेरीला कुदळच पाहिजे. माती बाजूला करून खोड जिथं मुळाला मिळतं त्याच्या खाली, चार बोटं आत, मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं. आधी मशीनने वरचा पसारा उडवला तर बुडापर्यंत हात पोचतो, एवढाच काय तो त्याचा वाटा. चार पैसे जास्त जाऊ देत पण ही जागा मोकळी करा, कारण गवत संपलं की उपाशी जनावर घाणेरी पण खातं आणि मग कावीळ, कातडी सोलणं, उन्हात उभं राहता न येणं. शेजारच्या वस्तीवर एक कालवड अशी गेलेली बघितलीय. तरवडाला मी हात लावला नाही. तो इथलाच आहे, तोडला तर फुटतोच, आणि पिवळा फुलला की मला आवडतो पण.

फवारणी का नाही असं प्रत्येक जण विचारतो. ग्लायफोसेट हे तणनाशक गवत पण मारतं, मग माझ्या गाईंनी काय खायचं. टू फोर डी हे दुसरं तणनाशक गवत सोडतं पण पलीकडे आबांची द्राक्षबाग आहे, आणि त्या औषधाचा नुसता वारा लागला तरी वेलीची पानं पंख्यासारखी आक्रसतात हे आमच्या भागात शेंबडं पोर पण सांगेल. पंपाचं तर विचारूच नका, एकदा टू फोर डी मारलेला पंप तीनदा धुतला तरी आम्ही बागेत नेत नाही. शिवाय ते माझा स्टायलो (चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक) पण मारणार, कारण तो पण रुंद पानाचा. आणि फवारलेलं तण सुकताना जनावराला गोड लागतं म्हणे, एरवी ज्याकडे बघत नाही ते खातं. एवढ्या भानगडीत खांदा दुखलेला परवडला.

खांदा दुखतोच. मशीनबरोबर आलेला पट्टा म्हणजे शाळेच्या दप्तराचा बंद आहे. एका खांद्यावर आठ-नऊ किलो घेऊन एकराला मला सहा तास लागतात, दोन दिवसांत वाटून. दोन्ही खांद्यांचा, कमरेला बक्कल असलेला हार्नेस वेगळा घेतला तेव्हा कुठं काम सुसह्य झालं. एका टाकीत पाऊण-एक तास चालतं, टाकी संपली की इंजिनला पण विश्रांती आणि मला पण चहा. माळावर दगड फार, त्यामुळे नायलॉन दोरी तिथं काढूच नका, दहा मिनिटांत संपते. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं म्हणून उजवीकडून डावीकडे झाडत जायचं, उजव्या पुढच्या अंगाने खोडाला टेकलं की मशीन असं उलटा झटका देतं की हँडल हातातून जातं. तोंडाला जाळी, गमबूट आणि पंधरा मीटरच्या आत माणूस नको, शेळी पण नको. माझ्या मशीनमधून उडालेल्या खड्याने आबांच्या गाडीचा आरसा गेलाय, भरून दिला.

सर्व्हिसचं रडगाणं थोडक्यात: दुसऱ्या वर्षी ऐन ऑगस्टात क्लचची स्प्रिंग गेली, पार्ट यायला पाच आठवडे, तोवर टाकळा शेंगांनी लगडला. शेवटी गावातल्या पंप रिपेअरवाल्याने दुसऱ्या मशीनची स्प्रिंग बसवून दिली, ती आजतागायत चालतेय. गिअरच्या डोक्यात ग्रीस वीस-पंचवीस तासांनी भरायचं हे पुस्तकात आहे पण दुकानात कोणी सांगत नाही.

आता या वर्षी काय झालं ते. जून-जुलैत उपटणं, ऑगस्टच्या शेवटाला टाकळा, सप्टेंबरात कुसळं टणक व्हायच्या आत कुसळी कापून गंजी, आणि कापलेल्या तुकड्यात दिवाळीपर्यंत जनावर नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, शेळ्यांना तार कळत नाही. मोकळ्या जागी स्टायलोचं दोन किलो बी टाकलं. मारवेल स्वतःहून परत येतोय, खालच्या दीड एकरात. वरचं अजून तसंच आहे.

मार्क पाचपैकी साडेतीन. एक पट्ट्याचा कापला, अर्धा सर्व्हिसचा. आणि हो, पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, पहिल्या दिवशी मी तो सरळ समजून जोर लावत बसलो होतो, पाना वाकला.