क्लॅम्प मीटर सहा महिने वापरून : बोर्ड गरम का होत होता ते शेवटी सापडलं

टेस्टर सगळ्यांच्याच घरात असतो, ड्रॉवरमध्ये जुन्या सेल आणि रबरबँडच्या खाली कुठेतरी. आतला इवलासा दिवा लागला म्हणजे लाईट आहे, नाही लागला म्हणजे गेली, एवढ्यावर माझं पण बरीच वर्षं भागलं. पण टेस्टर फक्त व्होल्टेज आहे का नाही एवढंच सांगतो, किती आहे तेही नाही, आणि त्या वायरमधून करंट किती चाललाय हे तर त्याला कळायचा प्रश्नच नाही, आणि तापतं सगळं करंटने. हे मला माहीत होतं तसं, शाळेत शिकलेलं, पण माहीत असणं आणि हातात मीटर धरून आकडा बघणं यात फरक आहे म्हणून हा रिव्ह्यू.

क्लॅम्प मीटर म्हणजे वायरभोवती जबडा पकडून, वायर न कापता, तिच्यातला करंट मोजणारा मीटर. घेतलेला मीटर साधा आहे, एसी-डीसी दोन्ही करंट मोजणारा, ट्रू आरएमएस (वेडावाकडा एसी करंटही बरोबर मोजणारा), कॅट थ्री ६०० व्होल्ट (कुठपर्यंत सुरक्षित वापरायचा त्याचा दर्जा). कंपनीचं नाव टाकत नाही कारण याच साच्यातले मीटर वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे.

घ्यायचं कारण म्हणजे गिझर. गिझर चालू करून दहा मिनिटांनी त्याच्या बोर्डाच्या प्लेटला हात लावला की कोमट लागायची. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कधीच पडला नाही, त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं की एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, तुला उगाच वाटतंय. वायरमनला बोलावलं तर त्याने टेस्टर लावला, दिवा लागला, लाईट बरोबर आहे म्हणून गेला.

मीटर आल्यावर पहिल्यांदा मी जे केलं ते सगळेच करतात, गिझरची अख्खी केबल जबड्यात पकडली आणि स्क्रीनवर ०.००. वाटलं पीस खराब आलाय. रिटर्न टाकायच्या बेतात होते. मग डोक्यात प्रकाश पडला, फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं उलट दिशेची, एकमेकांना खाऊन टाकतात. एकच वायर पकडायची असते. केबलचं वरचं आवरण सोलायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी लाईन स्प्लिटर मिळतो, आखूड एक्स्टेन्शनसारखा, ज्यात वायरी आधीच वेगळ्या केलेल्या असतात. तो मीटरसोबतच यायला हवा खरंतर, येत नाही, याचा अर्धा स्टार कापला.

वायरमनला परत बोलावून डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मुख्य डब्यात, त्या लाईनची एकच वायर पकडली, ८.४ अँपिअर. गिझर २००० वॉटचा, २३० ने भागलं की ८.७ येतात. म्हणजे ओव्हरलोड वगैरे काही नाही, उलट थोडा कमीच. मग गरम काय होतंय?

इथे मीटरचे प्रोब, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या टोकदार सुयांच्या दोन वायरी, कामाला आले. गिझर बंद असताना डीबीत २३१ व्होल्ट, आणि त्याच बोर्डावर शेजारी जो रिकामा सॉकेट आहे तिथेही २३१. गिझर चालू केला, डीबीत २३०, सॉकेटवर २२३. सात व्होल्ट वाटेत गायब! थोडे तर जाणारच, वायरला पण रेझिस्टन्स असतो, २.५ स्क्वेअरची (म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, जाऊन येऊन साधारण तीस मीटर, तिचा रेझिस्टन्स निघतो ०.२२ ओहमच्या आसपास, ८.४ ने गुणलं की दोन व्होल्टला थोडा कमी. मग उरलेले पाच कुठे गेले.

पाच व्होल्ट म्हणजे काय किरकोळ वाटतं ना, पण पाच गुणिले ८.४ म्हणजे ४२ वॉट. वायरमध्ये जळणारे सोळाएक वॉट तीस मीटरभर पसरलेले असतात, मीटरमागे अर्धा वॉट, वायर हाताला गरम पण लागत नाही. हे ४२ वॉट मात्र एका स्क्रूच्या टोकाशी. साधी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते आणि ती शिसं वितळवते!! मी तेव्हाच गिझर बंद केला, मेन पाडला आणि वायरमनला बोर्ड उघडायला सांगितलं.

बोर्ड उघडला तर न्यूट्रल जिथे आत येते तो स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक तपकिरी. त्याने टोक कापून नवीन सोललं, टर्मिनल बदललं, आवळलं. परत मोजलं तर सॉकेटवर २२८, आणि गंमत म्हणजे करंट वाढून ८.६ झाला. घरच्यांना ही गोष्ट आजवर पटलेली नाही, दुरुस्त केल्यावर करंट कमी व्हायला पाहिजे असं त्यांचं ठाम मत. पण गिझरचं कॉइल म्हणजे ठरलेला रेझिस्टन्स, त्याला व्होल्टेज जास्त मिळालं की तो करंट जास्त ओढणार. तापत होता तो स्क्रू, त्याचा रेझिस्टन्स गेला.

आणि एमसीबी का नाही पडला? का पडेल? तो १६ अँपिअरचा, त्याच्यासाठी ८.४ अँपिअर म्हणजे निम्म्याच्या जरा वर, एकदम आरामात. ढिला जॉइंट करंट वाढवत नाही, कमीच करतो. एमसीबीला तो दिसतच नाही.

मग मला नादच लागला, अख्ख्या घराची झडती. स्वयंपाकघरातला एमसीबी आमच्याकडे कधी पडायचा, कधी नाही, काही नियमच नव्हता. त्यावर मागे एकदा वायरमन म्हणाला होता, ‘ताई, सोळाचा काढून पंचवीसचा टाकतो, कटकट मिटेल.’ बरं झालं तेव्हा टाकून घेतला नाही. केटल, ओव्हन आणि इस्त्री एकदम चालू करून मोजलं तर साडेएकोणीस अँपिअर. आता १६ च्या एमसीबीतून साडेएकोणीस गेले तर तो लगेच पडायला हवा असं वाटतं, पण तसं नसतं. स्टँडर्डप्रमाणे त्याने १.१३ पटीपर्यंत तासभर पडायचंच नाही, आणि १.४५ पट झाले की तासाच्या आत पडायचंच. म्हणजे १८ ते २३ अँपिअरच्या मधलं सगळं त्याच्या मर्जीवर, आत जी दोन धातूंची पट्टी असते ती तापून किती वाकते, बाहेर उन्हाळा आहे का, शेजारचे एमसीबी गरम आहेत का, यावर. आमचे साडेएकोणीस बरोबर त्या मधल्या पट्ट्यात. कधी पडतो कधी नाही याचं कोडं असं सुटलं.

पंचवीसचा टाकला असता तर हाच हिशोब करून बघा. १.१३ पट म्हणजे २८ अँपिअर तासभर बिनबोभाट, आणि छत्तीसच्या आत कितीही गेले तरी तासाभरात पडेलच असं नाही. वायर मात्र तीच, आमच्याकडे त्या लाईनला १.५ स्क्वेअर, पाईपमधून जाणारी १.५ ची वायर साधारण पंधरा-सोळाच्या आसपासच थकते. एमसीबी हा भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे, ओव्हनचा नाही, केटलचा नाही आणि तुमचा तर अजिबात नाही, त्यामुळे त्याचा आकडा वायर बघून ठरवायचा, आपण एका वेळी काय काय लावतो ते बघून नाही. आम्ही शेवटी ओव्हनला वेगळी लाईन ओढली.

इनरश नावाचं एक बटण आहे त्यावर, ते दाबून ठेवलं की यंत्र चालू होतानाचा पहिला झटका पकडतो. फ्रिज एरवी पाऊण अँपिअरवर गुरगुरत असतो, सुरू होताना सहाच्या वर गेलेला दिसला, क्षणभरच. मोटर थांबलेली असताना ती जवळजवळ नुसतं कॉइल असते, फिरायला लागली की तिच्यातून उलटं व्होल्टेज तयार होतं आणि करंट आवरतो. म्हणून एमसीबीवर बी, सी, डी अशी अक्षरं असतात. शॉर्टसर्किट ओळखणारा भाग, म्हणजे पट्टी नव्हे, आतलं चुंबकाचं कॉइल, बी मध्ये तीन ते पाच पटीला झटक्यात पाडतं, सी मध्ये पाच ते दहा, डी मध्ये दहा ते वीस. मोठ्या मोटरवाल्या लाईनला बी टाकला तर नुसता सुरू करताना पडत राहू शकतो. एमसीबीवर सी १६ लिहिलेलं असतं त्यातला सी म्हणजे हा, मला आधी कंपनीचा काहीतरी कोड वाटायचा.

आता शॉकचं. आपलं अंग ओलंबिलं असेल तर हजार ओहम धरा, २३० भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर. माणूस मरायला हे पुष्कळ झालं आणि १६ च्या एमसीबीला याची दखल पण नाही, छोटा फ्रिजसुद्धा याच्यापेक्षा जास्त ओढतो. इथे लागतो आरसीसीबी, म्हणजे वाट सोडून जाणारा करंट (लीकेज) ओळखून लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा, आणि तो कसा चालतो हे मला याच मीटरने शिकवलं, तेही त्या पहिल्या दिवशीच्या फजितीने! अख्खी केबल जबड्यात धरली की ०.०० येतात, बरोबर? आरसीसीबीच्या आत हेच कायमचं बसवलेलं असतं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात आणि बेरीज शून्य यायला हवी. नाही आली म्हणजे काही करंट वाट सोडून जमिनीत चाललाय, गिझरच्या पत्र्यातून नाहीतर कुणाच्या तरी अंगातून, मग तो निमिषात लाईन तोडतो. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर बेरीज शून्यच राहते, आरसीसीबी ढिम्म, त्याच्या दृष्टीने तुम्ही पण एक बल्ब. आणि ओव्हरलोड त्याला कळत नाही, ते एमसीबीचं काम, म्हणून दोन्ही लागतात किंवा दोन्ही एकात असलेला आरसीबीओ. टेस्टचं बटण मधूनमधून दाबत जा, आमचं आम्ही बसवल्यापासून कुणी दाबलंच नव्हतं.

या मीटरने लीकेज मात्र शोधायला जाऊ नका. स्क्रीनवरचा शेवटचा आकडा १० मिलिअँपिअरचा आहे, त्याच्यावर ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३, तेवढं तर रिकाम्या जबड्यात पण कधीकधी दाखवतो. त्यासाठी लीकेज क्लॅम्प वेगळा येतो.

वैतागायचे प्रकार पण आहेत. डीसीवर जबडा हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या चिपने) मोजतो, एसीसारखी ट्रान्सफॉर्मरची युक्ती तिथे चालत नाही, त्यामुळे दर वेळी आधी झीरोचं बटण दाबावं लागतं आणि मीटर जरा फिरवला की आकडा परत सरकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मोठे करंट ठीक, पण एक-दोन अँपिअर डीसी मोजायचे तर विश्वास ठेवावा का नको असं होतं. वापरात नसलेल्या वायरीवर प्रोब लावले की ४०-५० व्होल्ट दाखवतो, शेजारच्या चालू वायरीमुळे आलेलं भुताटकीचं व्होल्टेज, त्यात दम काही नसतो, पण मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स इतका मोठा की तेवढंही तो मोजून दाखवतो. महागड्यांमध्ये यासाठी लो-झेड म्हणून मीटरचा रेझिस्टन्स कमी करायची सोय असते, यात नाही. तरी दाखवलेलं व्होल्टेज भुताटकीचंच आहे असं गृहीत धरून कुणी हात घालू नये, आणि मेन पाडल्यावरही आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर तपासा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग परत चालू ठिकाणी. मीटरचं सेल संपलं असेल तर तोही शून्यासारखाच वागतो.

आणखी एक, हा वॉट दाखवत नाही. ९ वॉटच्या एलईडी बल्बने माझ्याकडे ०.०८ अँपिअर दाखवले (वायरचे दहा वेढे जबड्याभोवती घेतले आणि आलेल्या आकड्याला दहाने भागलं, बारीक करंटला ही युक्ती छान चालते), ०.०८ गुणिले २३० म्हणजे अठरा. बल्ब दुप्पट वीज खातोय असं वाटून मी खोक्यावरचा आकडा चारदा वाचला. पण अठरा हे व्होल्ट-अँपिअर, स्वस्त बल्बचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं प्रमाण, साधारण निम्मा असतो, बल्ब नऊच वॉट खातो. गिझर-इस्त्रीला हा घोळ नाही, तिथे सरळ गुणाकार चालतो. असल्या बल्बांना आणि कॉम्प्युटरला ट्रू आरएमएस मीटरच हवा, साधा ॲव्हरेजवाला करंट बराच कमी दाखवतो, तेवढे पैसे वाचवू नका.

कॅट थ्री म्हणजे घरातल्या डीबीपर्यंत चालेल असं. बाहेरून येणाऱ्या मेन केबलला कॅट फोर लागतो, तिथे मी याला नेत नाही आणि मला जायचंही नाही. डीबीचं झाकण उघडं असताना मापं घेतली ती पण वायरमन शेजारी उभा असताना, तो एव्हाना स्वतःसाठी असाच मीटर कुठे मिळेल विचारत होता.

पाचपैकी चार. अर्धा स्टार स्प्लिटरचा कापलाच, अर्धा जबड्याच्या स्प्रिंगचा, इतकी कडक आहे की डीबीतल्या गर्दीत एका हाताने उघडताना अंगठा दुखतो, आणि जबडा जाड असल्यामुळे दाटीवाटीत शेजारच्या वायरी बाजूला सारून मगच वायर पकडावी लागते.