रंगीत झेरॉक्स मशीन घेताना माझे २,२६,३०० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे पाच-दहा हजारांसाठी हा माणूस एवढा ओरडतोय असं कुणाला वाटायला नको. मशीन १,७२,०००. पुण्याहून टेम्पोभाडं ४,५००. ड्रम आणि बेल्ट (चित्र कागदावर उतरवणारे भाग), टोनर (रंगाची पूड) आणि मजुरी धरून पहिल्या दोन महिन्यांत ३८,६००. स्टॅबिलायझर ११,२००. यातले दीड लाख पतसंस्थेचे, महिन्याला ४,९११ चा हप्ता, छत्तीस महिने. मशीन बंद आहे, हप्ता चालू आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. काळी-पांढरी मशीनं मी स्वतः खोलतो, ब्लेड बदलतो, रोलर साफ करतो. म्हणूनच जास्त जळतं. अडाणी माणूस फसला तर लोक हळहळतात, माझ्यासारखा फसला की ‘तुला कळायला नको होतं का’ म्हणतात. हे घरातसुद्धा ऐकून झालंय.

रंगीत मशीन हौस म्हणून घेतलं नव्हतं. सोलापुरात गणवेश शिवणारे किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांना शाळांना दाखवायला कॅटलॉग लागतो, शेड कापडाशी जुळावी लागते, आणि हे काम जूनच्या बरंच आधी सुरू होतं. माझी तीन गिऱ्हाइकं फक्त रंगीत काम होत नाही म्हणून दुसरीकडे जात होती. नव्या ए-थ्री मशीनचं कोटेशन आलं ३,१०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,६५,८००. एक जण भाड्यानं द्यायला तयार होता, मशीन त्याचं, टोनर त्याचा, पण काम असो नसो महिन्याला किमान २,००० रंगीत प्रतींचे पैसे द्यायचे. मला ते जाचक वाटलं. आज वाटतं, तेच घ्यायला हवं होतं. बिघडलं असतं तर त्याचं बिघडलं असतं.

तिसरा पर्याय आणला माझ्या मेकॅनिकनं. सहा वर्षं माझी मशीनं तोच बघत होता. परदेशातून आलेलं रिकंडिशन मशीन, पुण्यात ओळखीचा डीलर. “घ्या की वो मालक, मी हाय की,” असं म्हणाला. मी त्या वाक्यावर गेलो. त्याला यात ८,००० कमिशन मिळालं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, पण मार्च उजाडल्यावर.

नोव्हेंबरात सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आम्ही दोघं पुण्याला गेलो. गोडाऊनमध्ये ओळीनं मशीनं लावलेली. माझं मशीन आधीच गरम करून ठेवलेलं. स्क्रीनवर मीटर दाखवला, म्हणजे आजवर निघालेल्या प्रती, ७४,३१२. मी वरच्या फीडरचं झाकण उघडलं आणि कागद ओढणाऱ्या रोलरवरून अंगठा फिरवला. नव्या रबराला बारीक खरखर असते, अंगठा अडतो. हा रोलर काचेसारखा गुळगुळीत होता, मधोमध चकाकी आलेली. स्टार्ट बटणावरची खूणही झिजून गेलेली. चौऱ्याहत्तर हजारांत बटण असं झिजत नाही, हे मला माहीत होतं. मी विचारलं. डीलर म्हणाला, “साहेब, कंटेनरमध्ये सहा महिने पडून होतं, रबर असंच होतं.” मी मान डोलावली.

त्याच वेळी माझ्या शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह होता, गणवेशाच्या कॅटलॉगची फाइल मुद्दाम घेऊन गेलो होतो. काढला, तर म्हणाला, “पेनड्राइव्ह नको, मागे एकदा व्हायरसनं हार्ड डिस्क गेली.” आणि त्यानं स्वतःच्या फाइलमधून पोपट आणि फळांचं चित्र छापून दिलं. सुरेख आलं. असल्या भरगच्च चित्रात कुठलाही दोष लपतो, तो दिसतो सपाट फिकट रंगात. अकरा वर्षं या धंद्यात काढून मी पेनड्राइव्ह परत खिशात ठेवला. रात्री अजूनही तो क्षण आठवतो. परतीची गाडी संध्याकाळची होती, मेकॅनिक घाई करत होता, “दुसरी पार्टी दुपारी येणाराय” असं सांगत होता. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही घेतलं असतं, हे मी कुणालाही सांगेन.

तुमची फाइल छापून दिली नाही तर उठून या. चारही रंगांचे फिकट सपाट पट्टे असलेलं पान घेऊन जा आणि किमान पन्नास प्रती दोन्ही बाजूंनी काढायला लावा.

पैसे असे गेले: २०,००० आगाऊ यूपीआयनं, १,१२,००० एनईएफटीनं, ४०,००० रोख. रोख का, तर डीलर म्हणाला, “पूर्ण बिल केलं तर जीएसटी तुम्हालाच जड जाईल.” बिल झालं १,३२,००० चं. ही माझी चूक आहे, मान्य. त्या चाळीस हजारांचा आज कुठेही पुरावा नाही. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जुने मशीन, जसे आहे तसे’ छापलेलं होतं, तेही घरी येऊन वाचलं. तीन महिन्यांची वॉरंटी फक्त तोंडी.

तिसऱ्या आठवड्यात मरून रंगाच्या ब्लेझरचं पान तपकिरी यायला लागलं. पानावर एक डाग, खाली बरोबर ९४ मिलिमीटरवर पुन्हा तोच, मग पुन्हा. असा ठरावीक अंतरानं डाग आला तर पट्टी लावून मोजा. ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर एक फेरा साधारण ९४ चा होतो, म्हणजे दोष ड्रममध्ये. ड्रम बदलला, मग बेल्ट गेला. डीलर म्हणाला, स्टॅबिलायझर नाही म्हणून वॉरंटी बाद. स्टॅबिलायझर घेतला. मग म्हणाला, बाहेरचा टोनर वापरला म्हणून बाद. आणि टोनरचं काय, तर ‘एका टोनरमध्ये २५,००० पानं’ असं सांगितलेलं. हा आकडा पानाच्या पाच टक्के भागावर तो रंग असेल तेव्हाचा असतो. कॅटलॉगचं पान साठ टक्के भरलेलं असेल तर दोन हजारांच्या आसपास टोनर संपतो. कुणीही टोनरचा आकडा सांगितला की ‘किती टक्क्याला?’ एवढं विचारा.

जानेवारीत दुसरा मेकॅनिक बोलावला. त्यानं सर्व्हिस मोडमधून, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या मेनूतून, जॅम हिस्टरी छापली. कागद अडकला की त्या वेळचा मीटर तिथे नोंदला जातो. त्यात शेवटून चौथी नोंद होती ६,१८,०४७ वर, आणि समोर स्क्रीन दाखवत होती ७९,०००. मीटर मागे नेला होता, ही यादी पुसायची राहिली होती. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि माझे हात थरथरत होते.

पोलीस ठाण्यात गेलो, तर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा बंदोबस्त, साहेब नाहीत. मान्य, यात्रा आहे. दुसऱ्यांदा गेलो, तर “व्यवहार पुण्यात झालाय, तिकडे द्या.” पुण्यात गेलो, तर “पैसे सोलापूरच्या खात्यातून गेले, माल तिकडे उतरला, तिकडेच द्या.” दुकान बंद ठेवून, स्वतःच्या खर्चानं हेलपाटे मी घालायचे. तिसऱ्यांदा सोलापुरात गेलो, तर हवालदारानं जॅम हिस्टरीचा कागद हातातसुद्धा घेतला नाही. “सेकंडहँड घेतलं ना? बघून घेतलं ना? मग हे दिवाणी आहे.” अहो, मीटर मागे फिरवून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? उद्या कुणी रिक्षाचा मीटर फिरवला तर त्यालाही दिवाणी म्हणणार का? अर्जावर पोच मिळवायला सव्वा तास भांडलो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, डीलरनं उत्तर दिलं ‘माल जसा आहे तसा विकला’, आणि तक्रार बंद झाली. ‘आपले समाधान झाले का’ असा मेसेज आला.

ग्राहक आयोगात जाऊ नको, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही, असं चार जणांनी सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात चालते, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका. मी फेब्रुवारीत दाखल केली. वस्तूची तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आठ महिने झाले, चार तारखा पडल्या, समोरचा दोनदा आलाच नाही, आणि मला फक्त पुढची तारीख मिळते.

एक गोष्ट राहिली. तक्रारीची नोटीस गेल्यावर डीलरनं आपणहून माणूस पाठवला, ‘फुकट सर्व्हिसिंग’ म्हणून. मी बँकेत गेलो होतो, दुकानात भाचा होता. तासाभरात डीलरच्या माणसानं मशीनची मेमरी साफ केली. आता जॅम हिस्टरी कोरी येते. माझ्याकडे आधी छापलेली तीन पानं होती, म्हणून केस उभी आहे. तुमच्याकडे असं मशीन असेल आणि शंका असेल, तर ती पानं आजच काढा, खाली तारीख टाकून दुसऱ्या मेकॅनिकची सही घ्या, मशीनच्या सिरीयल नंबरच्या पट्टीसकट व्हिडिओ काढा. आणि विकणाऱ्याचा माणूस दारात आला तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.