कॅलिफोर्नियातील पॅरालीगल सर्टिफिकेट: खर्च किती आणि पदरात काय पडते

सान होजे परिसरातील एका सरकारी कम्युनिटी कॉलेजातून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, मी पॅरालीगलचे, म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचे काम करणाऱ्या सहायकाचे, सर्टिफिकेट पूर्ण केले. भारतात एलएल.बी. करून लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इकडे आलेल्या अनेक मराठी मुली या अभ्यासक्रमाची चौकशी करतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांना नजरेसमोर ठेवून लिहिले आहे. माझे मत आधीच सांगते: कम्युनिटी कॉलेजच्या फीत हा अभ्यासक्रम निश्चित परवडतो, खासगी संस्थांच्या फीत मात्र मी तो कोणालाही सुचवणार नाही.

याचे कारण कायद्यातच आहे. कॅलिफोर्नियात पॅरालीगल म्हणून काम करण्यासाठी बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ६४५० प्रमाणे पात्रता लागते. अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे एबीएची, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचे सर्टिफिकेट चालते. ती मान्यता नसली तरी मान्यताप्राप्त संस्थेतून कायदाविषयक किमान २४ युनिटे, म्हणजे श्रेयांक, पूर्ण करून मिळवलेले सर्टिफिकेटही चालते. याखेरीज आणखी एक वाट आहे, जिचा उल्लेख प्रवेशाच्या माहितीपत्रकांत सहसा ठळकपणे केलेला नसतो: कोणत्याही विषयातील पदवी, वकिलाच्या देखरेखीखाली किमान एक वर्षाचे काम आणि ही व्यक्ती पॅरालीगलचे काम करण्यास पात्र आहे असे त्या वकिलाचे लेखी निवेदन. म्हणजे पदवीधराला एखाद्या ऑफिसात लीगल असिस्टंट म्हणून शिरकाव मिळाला, तर वर्षभराने एक डॉलरही न भरता तीच पात्रता मिळू शकते. सर्टिफिकेटने वाचते ते हे एक वर्ष, आणि इथला अनुभव नसलेल्या उमेदवाराला पहिल्या मुलाखतीपर्यंत पोहोचण्याची थोडी अधिक शक्यता मिळते. त्याची किंमत किती मोजायची, एवढाच प्रश्न उरतो.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात. २४ युनिटांचे १,१०४ डॉलर झाले. पुस्तके, आरोग्य शुल्क आणि पार्किंग धरूनही माझा एकूण खर्च दोन हजारांच्या आत राहिला, कारण बहुतेक पुस्तके मी जुनी घेतली. एच-४ वर असलेल्यांनाही, राज्यात वर्षभर वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दाखवता आला, तर रहिवाशांचाच दर लागतो. त्याआधी प्रवेश घेतल्यास फी कित्येक पटींनी वाढते, तेव्हा वर्ष पुरे होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. मी चौकशी केलेल्या खासगी संस्थांत सात हजार डॉलरच्या पुढचे आकडे ऐकायला मिळाले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सर्टिफिकेटांची पात्रता सारखीच आहे. नोकरीच्या जाहिरातींत एबीएची मान्यता मागितलेली दिसते खरी, पण ती मान्यता असलेली कम्युनिटी कॉलेजेही राज्यात आहेत.

भारतीय पदवी दाखवायची असल्यास तिचे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि विद्यापीठाकडून गुणपत्रके मागवण्यात किती काळ जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. प्रवेशाचा विचार पक्का होण्याआधीच ते काम सुरू करावे. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पण नोकरीसाठी ईएडी, म्हणजे काम करण्याची सरकारी परवानगी, लागते, आणि ती जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्याशिवाय मिळत नाही. ती मिळण्याची चिन्हे नसताना सर्टिफिकेट घेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही.

शिकवण्याचा दर्जा विषयागणिक बदलत गेला. करार आणि टॉर्ट्स (नागरी अपकृत्ये) हे विषय आपल्याकडे एलएल.बी. केलेल्यांना उजळणीसारखे वाटतील. खरी भर पडली ती दिवाणी प्रक्रियेच्या वर्गात. आमच्या शिक्षिका स्वतः प्रॅक्टिस करणाऱ्या वकील होत्या. त्यांनी डिस्क-००१ हा विरुद्ध पक्षाला पाठवायच्या छापील प्रश्नावलीचा फॉर्म हातात देऊन, एका काल्पनिक अपघाताच्या दाव्यात कोणत्या चौकटींवर खूण करायची आणि कोणत्या सोडायच्या, यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. उत्तराची मुदत ३० दिवसांची. राज्यातल्या राज्यात टपालाने बजावणी केली तर आणखी ५ दिवस, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केली तर न्यायालयीन कामकाजाचे २ दिवस. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, हे कॅलेंडर पुढे घेऊन पुन्हा पुन्हा मोजायला लावले. आपल्याकडे मुदत हुकली तर विलंबमाफीचा अर्ज करू, ही सवय ज्यांच्या अंगात मुरलेली आहे त्यांनी हा वर्ग चुकवू नये. इमिग्रेशनचा मात्र एकच ऐच्छिक विषय होता, तोही वरवरचा.

मोठी तक्रार प्लेसमेंटबद्दल आहे. इंटर्नशिपसाठी दिलेल्या यादीतील काही फोन नंबर बंद होते आणि करिअर सेंटरमधून मिळाले ते रेझ्युमेचे साचे. नोकरी मला एका सहाध्यायिनीच्या ओळखीतून लागली.

आता मोबदल्याकडे वळू. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये पॅरालीगल आणि लीगल असिस्टंट यांचे मध्यक वार्षिक वेतन ६१,०१० डॉलर होते. कम्युनिटी कॉलेजची सगळी शिकवणी फी म्हणजे या वेतनाचा एक आठवडाही नाही. सुरुवातीचा पगार यापेक्षा कमी असतो असे धरले तरी हिशेब बिघडत नाही. पण पुढे चढायला फारशा पायऱ्या नाहीत. पॅरालीगलला कायदेशीर सल्ला देता येत नाही, पक्षकारातर्फे कोर्टात उभे राहता येत नाही, आणि या व्यवसायात नोकऱ्यांची वाढ फारशी होणार नाही, असा त्याच विभागाचा अंदाज आहे. मराठी भाषकाला थोडासा फायदा मिळतो तो इमिग्रेशनच्या ऑफिसांत. ग्रीन कार्डाच्या फाइलमध्ये जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नाही, मग शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची, हा प्रकार आमच्या ऑफिसात नेहमीचा आहे. ते मराठी कागद वाचून, इंग्रजी भाषांतरासोबत कोणते प्रमाणपत्र लागते हे जाणणारी व्यक्ती वकिलाला हवीच असते.

ज्यांच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे, त्यांनी मात्र प्रवेश घेण्याआधी स्टेट बारचे, म्हणजे कॅलिफोर्नियातील वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम नीट वाचावेत. परदेशात वकिलीची सनद मिळवलेल्यांना कॅलिफोर्नियाची बार परीक्षा आणखी पदवी न घेता देता येते. परीक्षा कठीण आहे, तयारीचे क्लास महाग आहेत, तरीही अशा व्यक्तीने पॅरालीगलच्या वर्गांत घालवलेली वर्षे मला महाग वाटतात. माझ्याकडे एलएल.बी. होती, सनद नव्हती. मला त्या परीक्षेसाठी आधी एलएल.एम.सारखा अभ्यासक्रम करावा लागला असता आणि त्याची फी पाहूनच तो विचार मी सोडला.

एक खर्च पुढेही चालू राहतो. दर दोन वर्षांनी व्यावसायिक नीतिमत्तेचे ४ आणि कायद्याचे ४ तास निरंतर शिक्षण घ्यावे लागते व त्याचा दाखला ज्याचा त्याने जपून ठेवायचा असतो. माझ्या ऑफिसने तो खर्च उचलला, परंतु मी विचारल्यानंतर. पगाराची बोलणी चालू असतानाच ही गोष्ट काढावी.