चुन्याचं काम शिकायचं: कार्यशाळेत की गवंड्याच्या हाताखाली?

जुन्या वाड्याची डागडुजी चुन्यातच करायची हे ठरलं, की शिकायचं कुठे हा पेच पडतो.

कार्यशाळेत कारणं कळतात. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेला पण अजून न विरलेला चुना, पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यांत जातो, म्हणून चष्मा हवाच. विरलेला चुना गाळून निदान 2-3 आठवडे पाण्याखाली ठेवायचा. घाई केली तर न विरलेले कण पुढे भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला खळगे पडतात. पण फी भरूनही दोन-चार दिवसांत थापी हातात बसत नाही.

गवंड्याकडे पैसे कमी, घाम जास्त. एका भाग चुन्याला तीन भाग वाळू हे कोणीही सांगेल. वाळू ओली असताना पाणी किती कमी करायचं, थर कधी दाबायचा, हे त्याच्या शेजारी उभं राहूनच उमगतं. थर 10-12 मिमीपेक्षा जाड नको, आठवडाभर गोणपाटानं ओल राखायची. फक्त तो गुपचूप सिमेंट मिसळणारा नसावा! सिमेंटनं ओल आत कोंडते आणि मऊ वीट झडू लागते.

काम नीट करवून घेण्यापुरतं कळायला हवं असेल, तर घरमालकाला कार्यशाळा पुरे. धंदाच करायचा असेल तर पावसाळा उलटल्यावर गवंड्याकडे अख्खा हंगाम काढावा.